विश्लेषण : नाशिकच्या द्राक्षमळ्यातले टेबल वऱ्हाडपासून किती लांब?

वीकेंडला ‘वायनरी’त जेवायला जाण्याचा बेत आता अमरावती-अकोल्यातही होऊ लागला आहे. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून पहाटे निघालेली गाडी दुपारच्या जेवणाला नाशिकमध्ये पोहोचू शकते. द्राक्षमळ्याकडे तोंड करून मांडलेले टेबल, हातात उंच देठाचा ग्लास, समोर गंगापूर धरणाचे पाणी आणि संध्याकाळपर्यंत इन्स्टाग्रामवर रील. मात्र हे टेबल नुसत्या निसर्गामुळे तिथे आलेले नाही. त्यामागे २००१ चे एक सरकारी धोरण, करातील सवलत आणि मधल्या काळातील मोठी पडझड आहे. संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाने ही गोष्ट बिलाइतकीच नीट वाचायला हवी.

वायनरीत जेवायला जाणे म्हणजे नेमके काय?

वायनरी म्हणजे वाईन तयार करणारा कारखाना, शक्यतो द्राक्षमळ्याला लागून. बहुतेक मोठ्या वायनरींमध्ये क्रम सारखाच असतो. आधी टाक्या आणि लाकडी पिंपे दाखवणारा फेरफटका, मग पाच-सहा प्रकारच्या वाईनची घोट-घोट चव, म्हणजे ‘टेस्टिंग’, आणि शेवटी रेस्तराँ. नाशिकमध्ये या पर्यटनाची सुरुवात सुला विनयार्ड्सने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडून केली. शाकाहारी इटालियन जेवण देणारे ‘लिटल इटली’ हे सुलाच्या आवारातले ओळखीचे नाव. गंगापूर-सावरगाव रस्त्यावरच यॉर्क आणि सोमा आहेत. इगतपुरी तालुक्यात सांजेगाव परिसरात ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने, तर दिंडोरीत फ्रेंच कंपनीची ‘शाँदों’ आहे. यापैकी प्रत्येक ठिकाणी रेस्तराँ असेलच असे नाही, शिवाय काही ठिकाणी आधी नोंदणी केल्याशिवाय फाटक उघडत नाही. निघण्यापूर्वी फोन करून विचारणे बरे.

एक गोष्ट रील पाहून कळत नाही. वेलीवर द्राक्षे वर्षभर नसतात. नाशिकमध्ये एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरताना गोडी छाटणी होते. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात हीच तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. जुलैत गेलात तर हिरवेगार डोंगर आणि धुके मिळेल, घड मिळणार नाहीत. सुलाचा संगीत महोत्सव ‘सुलाफेस्ट’ही याच हंगामातला. पाच वर्षांच्या खंडानंतर तो फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झाला.

अमरावती-अकोल्याहून जायचे कसे?

समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मे २०२३ मध्ये भरवीरपर्यंत, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत आणि ५ जून २०२५ रोजी ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. अमरावतीकरांना तो नांदगाव खंडेश्वर किंवा धामणगावकडे सापडतो. सिन्नरजवळ उतरून नाशिक शहर आणि तिथून गंगापूर रस्ता.

टोलचा हिशेब सोपा आहे. १ एप्रिल २०२५ पासून कारसाठी किलोमीटरला २ रुपये ६ पैसे असा दर लागू झाला. महामार्गावरचे साडेचारशे किलोमीटर धरले, तर एका बाजूचा टोल नऊशे रुपयांच्या पुढे जातो. जाऊन-येऊन साडेअठराशे, आणि इंधन वेगळे. दोघे जाणार असतील तर रस्त्याचाच खर्च जेवणाच्या बिलाला भिडतो. चौघांत वाटला तर झेपतो.

अकोल्याची गोष्ट वेगळी. समृद्धी दहा जिल्ह्यांतून जातो, त्यात अमरावती, वाशीम आणि बुलढाणा आहेत, पण अकोला नाही. अकोलेकरांना आधी पातूरमार्गे मालेगावपर्यंत जाऊन मग महामार्गावर चढावे लागते. त्यांच्यासाठी रेल्वे जास्त सोयीची. अकोला ते नाशिकरोड हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर असून विदर्भ एक्स्प्रेस, सेवाग्राम एक्स्प्रेस आणि अमरावती-मुंबई एक्स्प्रेस या सगळ्या त्याच मार्गावरून धावतात. अडचण एकच. संध्याकाळी अमरावतीहून सुटणारी मुंबईची गाडी नाशिकरोडला मध्यरात्रीनंतर पोहोचते, त्यामुळे त्या रात्रीची खोलीही धरावी लागते.

चव घेतल्यावर गाडी कोण चालवणार?

‘वाईन म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य महाराष्ट्राच्या राजकारणात बरेच गाजले. रक्ताला मात्र ते मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल, तर वाहन चालवणे गुन्हा ठरतो. पहिल्यांदा पकडले गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता टेस्टिंगचे गणित करू. पाच वाईन, प्रत्येकी ३० मिलिलिटर, म्हणजे १५० मिलिलिटर. त्यात १३ टक्के अल्कोहोल धरले तर सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. ६५ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याचे प्रमाण ३० ते ३५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. म्हणजे जेवणाआधीच्या ‘नुसत्या चवीत’च कायद्याची रेषा गाठली जाते. स्त्रियांमध्ये तेवढ्याच वाईनने प्रमाण आणखी वाढते. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने ते खाली आणते. कॉफी, लिंबूपाणी किंवा तोंडावर पाणी मारल्याने हा वेग वाढत नाही.

समृद्धीवर ही बाब अधिक गंभीर होते. सरळ, रिकामा रस्ता, १२० ची वेगमर्यादा आणि सहा तासांचा एकसुरी प्रवास. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले. त्या चालकाच्या रक्तात अल्कोहोल आढळल्याचे न्यायवैद्यक अहवालानंतर समोर आले होते. रविवारी दुपारी वायनरीत जेवून रात्रीपर्यंत अमरावती गाठण्याचा बेत असेल, तर चालवणाऱ्याच्या ग्लासात द्राक्षाचा रसच हवा. तो तिथे मिळतो आणि चांगला असतो.

बाटली सोबत आणताना आणखी एक काळजी. नाशिक ते अमरावती या वाटेत दारूबंदीचा जिल्हा लागत नाही. पण तीच बाटली गाडीत ठेवून पुढे नागपूरकडे निघालात, तर वर्धा लागते, आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथे वाईनही दारूच.

बिलात काय काय असते?

इथे अनेकांचा गोंधळ होतो, कारण एकाच बिलात दोन वेगळे कर असतात. जेवणावर जीएसटी लागतो, वाईनवर नाही. मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या बाहेर असून त्यावर राज्याचा व्हॅट असतो. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील व्हॅट राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के केला.

जेवणावरचा जीएसटी साध्या रेस्तराँत ५ टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचे भाडे रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर जाते, तिथल्या रेस्तराँत तो १८ टक्के होतो. मळ्यातल्या रिसॉर्टमध्ये हंगामातील शनिवारच्या खोल्या ही रेषा सहज ओलांडतात. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन ठिकाणी सारख्याच पदार्थाचे बिल वेगळे येऊ शकते. तीन हजारांच्या जेवणावर एके ठिकाणी कर १५० रुपये, दुसरीकडे ५४०.

उरला ‘सेवा शुल्क’. हा कर नव्हे. तो बिलात आपोआप जोडता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. सेवा आवडली तर द्या, नाही तर काढायला सांगा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

खोलीचे भाडे परवडत नसेल, तर गंगापूर धरणाजवळ एमटीडीसीचे ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे. आणि नाशिकला जाऊन सकाळी चुलीवरची मिसळ न खाता थेट पास्त्याकडे वळणाऱ्याने काहीतरी चुकवले, असे म्हणायला हरकत नाही.

हे सारे नाशिकलाच का?

पहिले उत्तर हवामानाचे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हिवाळ्यात दिवस उबदार आणि रात्री थंड असल्याने द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाईनला दोन्ही लागतात. अकोला त्या मानाने निम्म्याहून कमी उंचीवर, आणि उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जाणारा.

पण हवामान तर पूर्वीही तेच होते. खाण्याची द्राक्षे नाशिकमध्ये अनेक दशके पिकत होती आणि वाईनचे प्रयोगही १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावला झाले होते. राजीव समंत हे स्टॅनफर्डमध्ये शिकलेले अभियंते अमेरिकेतील नोकरी सोडून परतले, वडिलोपार्जित जमिनीवर वाईनची द्राक्षे लावली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. खरा फरक त्याने पडला. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली, वायनरीला लघुउद्योगाचा दर्जा मिळाला, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगलीत पलूस येथे वाईन पार्क झाले. पुढे वाईनवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के रक्कम उत्पादकाला परत देण्याची प्रोत्साहन योजना आली. जून २०२५ मध्ये राज्याने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचे शुल्क जबर वाढवले, तेव्हाही वाईनला हात लावला नाही.

टेबल येते या साखळीच्या टोकाला. दुकानातून बाटली विकली की वितरक आणि दुकानदार आपापला वाटा घेतात. तीच बाटली मळ्यातल्या टेबलावर उघडली की पूर्ण किंमत वायनरीकडे राहते. त्यावर जेवण, खोली, टोपी, टी-शर्ट आणि घरी नेण्याच्या बाटल्या वेगळ्या. शिवाय इथे येऊन गेलेला पाहुणा पुढे आपल्या गावातही तोच ब्रँड मागतो. जाहिरातीवर कडक बंधने असलेल्या धंद्यात हे फार मोलाचे.

शेतकऱ्याच्या हाती किती?

एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. किलोला ५० रुपये भाव धरला, तर बाटलीमागे शेतकऱ्याला साठ-पासष्ट रुपये. टेबलावर त्या बाटलीची किंमत हजाराच्या आसपास किंवा वर असू शकते. मधल्या रकमेत प्रक्रिया, पिंपे, काच, वर्षानुवर्षे अडकलेले भांडवल आणि कर हे सारे येते, त्यामुळे सगळाच नफा म्हणता येणार नाही. तरीही ‘शेतकऱ्यांसाठी वाईन’ ही घोषणा ऐकताना हा आकडा लक्षात ठेवावा.

जानेवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने हीच घोषणा पुढे करून एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, भाजपने रान उठवले, हरकती मागवल्या गेल्या आणि निर्णय अमलात आला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सुलाचा ९६० कोटींचा आयपीओ मात्र आला. तो संपूर्ण आधीच्या भागधारकांच्या समभाग विक्रीचा होता, म्हणजे त्यातून कंपनीत नवा पैसा आला नाही.

शेतकऱ्याला वाईनच्या द्राक्षांतून मिळते ती मुख्यतः कराराची हमी. भाव आधी ठरलेला, माल घेणारा ठरलेला. ही हमीही पोलादी नसते. २००१ नंतर वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या, आणि २००८ ची मंदी व मुंबईवरील हल्ल्यानंतर मागणी अचानक आटली. टाक्यांत वाईन पडून राहिली, नारायणगावची एकेकाळची सर्वांत मोठी कंपनी कर्जात बुडाली, छोट्या वायनऱ्या बंद पडल्या आणि अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. आज दिसणारी झगमग या पडझडीतून वाचलेल्यांची आहे.

मग संत्र्याचे असे का झाले नाही?

वरूड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर, इकडे अकोट आणि तेल्हारा. या पट्ट्यात संत्रा प्रक्रिया उद्योगाची आश्वासने जवळपास प्रत्येक निवडणुकीत मिळतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण बाग झाडावरच व्यापाऱ्याला उक्ती विकण्याची पद्धत कायम राहिली. बांगलादेशने आयात शुल्क वाढवले की इथले भाव पडतात, आणि फळगळ झाली की विकायला काही उरतच नाही.

संत्र्याची वाईन करता येत नाही असे नाही, पण फळच सहकार्य करत नाही. वाईनच्या द्राक्षात साखर २२ ते २४ टक्के असते, त्यातून १२-१३ टक्के अल्कोहोल तयार होते. नागपुरी संत्र्यात ती दहाच्या आसपास. नुसता रस आंबवला तर पाच-सहा टक्क्यांवर गाडी थांबते, पुढे वरून साखर घालावी लागते. दुसरी अडचण कडूपणाची. संत्र्याच्या रसात काही वेळाने लिमोनिन या घटकामुळे कडवट चव उतरते आणि बिया जास्त असल्या की ती वाढते. सालीसकट रस काढून ठेवलेल्या कोणत्याही घरात हा अनुभव आलेला असेल. यावर तांत्रिक उपाय आहेत, पण त्यासाठी भांडवल लागते आणि हमखास माल घेणारा कारखाना लागतो. नाशिकला ते धोरणाने जोडून दिले. संत्र्याला वेगवेगळ्या घोषणा मिळाल्या, साखळी मिळाली नाही. दोष फळाचा थोडा आणि नियोजनाचा बराच.

मेळघाटच्या मोहफुलांबाबत चित्र थोडे वेगळे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले आणि फळांपासूनच्या मद्याला चालना देण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन आदिवासी बचत गटांकडून उत्पादन सुरू केले. गोव्याने फेणीचे असेच केले आणि आज पर्यटक तिची चव घ्यायला पैसे मोजतो. मेळघाटात मात्र मोह अजून बाजारातला कच्चा माल आहे किंवा छाप्यातला मुद्देमाल.

वऱ्हाडात काय शक्य आहे?

नाशिककडून उचलण्यासारखी गोष्ट वाईन नाही, टेबल आहे. म्हणजे पिकाशेजारी बसवून, तिथलेच जेवण वाढून, पूर्ण किंमत शेतातच वसूल करणे. त्याला मद्य परवान्याची गरज नाही. वऱ्हाडात हे हुरडा पार्टीच्या रूपाने आधीपासून आहे. शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तुपाची धार, हे जेवण आपण पाहुण्यांना फुकट वाढतो. नाशिकने तेवढ्याच मोकळ्या हवेचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० पासून आहे. शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. चिखलदऱ्याचा रस्ता परतवाड्यावरून, म्हणजे संत्र्याच्या बागांमधूनच जातो. तरीही वर जाणारी पर्यटकांची गाडी बागेत न थांबता थेट पॉइंटवर पोहोचते आणि खव्याची पुडी घेऊन परतते.

हंगामाचा विचार केला, तर वऱ्हाडचे पारडे नाशिकपेक्षा हलके नाही. आंबिया बहराची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर, हुरडा डिसेंबर-जानेवारीत, मृग बहराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये. नाशिकच्या वेलींवर घड तीनच महिने असतात, इथे झाडाखाली टेबल मांडायला सलग सहा महिने मिळतात. समृद्धीवरून अमरावतीची गाडी जेवढ्या वेळात नाशिकला पोहोचते, तेवढ्याच वेळात नाशिकची गाडी अमरावतीलाही येऊ शकते.